सहासष्ट नंबरचा रस्ता

किल्ल्यांचा इतिहास लिहिला जातो, देवळांचा लिहिला जातो, राजवाड्यांचा तर लिहिलाच जातो. रस्त्याच्या वाट्याला मात्र बखरकार सहसा येत नाही. रस्ता म्हणजे पायाखालची वस्तू! मुक्काम आला की माणूस त्याला विसरतो. पण अमेरिकेत एक रस्ता असा होऊन गेला की, तो जिवंत असताना त्याची जेवढी कीर्ती झाली, त्याहून अधिक कीर्ती सरकारदप्तरी तो मेल्यानंतर झाली. त्याचे नाव म्हणजे नुसता एक आकडा. सहासष्ट.

शिकागो शहरात तो सुरू होई आणि इलिनॉय, मिझुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सस, न्यू मेक्सिको, ॲरिझोना ही राज्ये ओलांडून कॅलिफोर्नियात पॅसिफिक महासागराच्या बाजूला संपे. लांबी सुमारे २४४८ मैल, म्हणजे जवळजवळ ३९४० किलोमीटर. श्रीनगरहून निघावे आणि थेट कन्याकुमारी गाठावी, साधारण तेवढी मजल. १९८५ साली या रस्त्याचा नंबर रद्द झाला. आज त्याच्या शेजारून रुंद, सरळ, गुळगुळीत महामार्ग धावतात. तरीही जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे पदरमोड करून येतात, नवा रस्ता सोडतात आणि या जुन्या, अरुंद, ठिकठिकाणी भेगाळलेल्या रस्त्यावरून हौसेने जातात.

हे वेड कशाचे? मी काही तो रस्ता डोळ्यांनी पाहिलेला नाही. माझी त्याची ओळख एका कादंबरीतून झाली आणि मग जे हाती लागेल ते वाचीत गेलो. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. या रस्त्याचे गुण गाणारे लोक त्याच्या वेगाबद्दल बोलत नाहीत, थांब्यांबद्दल बोलतात. अमक्या गावी जेवलो, तमक्या गावी गाडी बिघडली, अमक्या ठिकाणी रात्र काढली. हा रस्ता गावांच्या बाहेरून जात नसे, गावांच्या मधून जाई. माणसाला त्यावर थांबावे लागे. आणि म्हणूनच या रस्त्याचा खरा इतिहास विचारायचा, तर एक प्रश्न विचारावा लागतो: त्यावर थांबायला कुणाला मिळाले आणि कुणाला मिळाले नाही?

त्याच्या जन्माची हकीकत मोठी गमतीची आहे. त्या काळात अमेरिकेत मोटारी उदंड झाल्या होत्या, पण रस्त्यांचा सारा कारभार बेबंद होता. खासगी मंडळ्या रस्त्यांना मन मानेल ती नावे देत आणि खांबांवर रंगीत पट्टे ओढून वाट दाखवीत. एकाच खांबावर चार मंडळ्यांचे पट्टे असले की वाटसरूने कुठे वळायचे? अखेर १९२५ साली सरकारने ठरवले की, नावे बंद करून आकडे द्यायचे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम, उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम, आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना शेवटी शून्य असलेला आकडा.

ज्या मंडळींकडे हे काम आले, त्यांत ओक्लाहोमातील टल्सा गावचे सायरस एव्हरी नावाचे गृहस्थ होते. त्यांनी शिकागो ते लॉस एंजेलिस असा रस्ता आखला आणि तो आपल्या टल्सातून नेला! स्वतःच्या पोळीवर तूप ओढून घेणे म्हणतात ते हेच. पण त्यामुळे रस्ता रॉकी पर्वताचा अवघड भाग टाळून दक्षिणेच्या सौम्य हवेतून गेला, हेही खरे. त्यांना या रस्त्यासाठी ‘साठ’ हा आकडा हवा होता. तिकडे केंटकी राज्याचे गव्हर्नर फील्ड्स संतापले. आपल्या राज्यातून शून्याचा एकही मानाचा रस्ता जात नाही म्हणजे काय? साठ नंबर आम्हालाच हवा! महिनोन् महिने पत्रापत्री आणि तारांची देवघेव झाली. अखेर ३० एप्रिल १९२६ रोजी मिझुरीतील स्प्रिंगफील्ड गावातून वॉशिंग्टनला तार गेली की, साठ मिळत नसेल तर सहासष्ट द्या. तो आकडा अजून कुणी घेतलेला नाही. ज्या आकड्याने पुढे दुनियेला मोहिनी घातली, तो असा कुणी न मागितलेला आकडा होता.

११ नोव्हेंबर १९२६ रोजी रस्त्यांच्या नव्या आकड्यांना अधिकृत मान्यता मिळाली. पण आकडा मिळाला म्हणजे रस्ता झाला असे नव्हे. त्या दिवशी या रस्त्याचे जेमतेम आठशे मैल पक्के होते. उरलेल्या ठिकाणी माती, खडी, काही ठिकाणी विटा, तर काही ठिकाणी नुसत्या फळ्या. ॲरिझोनात ओटमन गावाजवळचा घाट इतका उभा होता की, जुन्या मोटारी त्यावर चढतच नसत. त्यांत पेट्रोल आपल्या भाराने इंजिनात उतरत असे. मोटारीचे नाक वर झाले की पेट्रोल पोचेना. मग लोक मोटार उलटी फिरवीत आणि पाठमोरी घाटावर चढवीत! सगळा रस्ता पक्का व्हायला १९३८ साल उजाडले.

रस्त्याची जाहिरात व्हावी म्हणून १९२८ साली एक अचाट शर्यत काढण्यात आली. लॉस एंजेलिसहून धावत निघायचे, सहासष्ट नंबरने शिकागो गाठायचे आणि तिथून न्यूयॉर्क. वर्तमानपत्रांनी तिला पायाच्या टेंगळांची शर्यत म्हणून नाव ठेवले. १९९ धावपटू निघाले, ५५ पोचले. चौऱ्याऐंशी दिवसांनी पहिला आला तो अँडी पेन नावाचा वीस वर्षांचा पोरगा, चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीच्या रक्ताचा, ओक्लाहोमातील फॉइल या सहासष्ट नंबरवरच्याच गावचा. बक्षीस होते पंचवीस हजार डॉलर. त्यातून त्याने बापाच्या शेतावरचे गहाण फेडले. तो पोरगा जिंकला आणि शेत वाचले. पण थोड्याच वर्षांत त्याच ओक्लाहोमातील हजारो शेते वाचली नाहीत.

आता या रस्त्याच्या कथेतला सर्वांत काळा अध्याय येतो. १९२९ नंतर मंदी आली, कापसाचे आणि गव्हाचे भाव कोसळले. त्यावर पावसाने दगा दिला. दुष्काळात तेरावा महिना तो हा! पश्चिमेकडच्या मैदानांत पिढ्यान् पिढ्यांचे गवत नांगरून काढलेले होते. ती उघडी माती वाऱ्याबरोबर उठू लागली. १४ एप्रिल १९३५ या दिवशी तर धुळीची अशी भिंत आली की, भर दिवसा लोकांना आपला हात दिसेना. त्या दिवसाला तिकडे काळा रविवार म्हणतात. मात्र घरे सोडून गेलेले सगळेच काही धुळीने हाकललेले नव्हते. त्यांतले बहुतेक पूर्व भागातले कापूस पिकवणारे वाटेकरी होते. जमीनमालकांना जमीन पडीक ठेवण्याबद्दल सरकारी पैसे मिळू लागले, त्या पैशांतून ट्रॅक्टर आले, आणि वाटेकऱ्याची गरजच उरली नाही. निसर्गाला दोष देणे नेहमीच सोपे. हिशेबाच्या वहीतली धूळ कुणाच्या डोळ्यांत जात नाही.

जुनाट मोटारीवर गाद्या, भांडी, खुर्च्या, म्हातारीकोतारी आणि पोरेबाळे लादायची, वाळवंट ओलांडण्यासाठी पुढे कॅनव्हासच्या पिशवीत पाणी टांगायचे आणि कॅलिफोर्नियाची वाट धरायची. तिथे फळबागा आहेत, मजुरी आहे, अशी आशा! या माणसांना तिकडच्यांनी ‘ओकी’ असे हिणकस नाव ठेवले.

जॉन स्टाइनबेकने ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध केली. तिच्यात जोड नावाचे कुटुंब या रस्त्याने जाते. मी स्वतः चार कादंबऱ्या लिहिल्या असल्यामुळे मला त्याच्या एका गोष्टीचा फार आदर वाटतो. लिहायला बसण्याआधी १९३६ साली त्याने या मजुरांच्या छावण्यांतून हिंडून वर्तमानपत्रासाठी लेखमाला लिहिली होती. त्यांची भाकरी त्याने आधी पाहिली आणि मग लेखणी उचलली. त्याने या रस्त्याला ‘मदर रोड’, म्हणजे माय-रस्ता म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. आज ते नाव दुकानातल्या पेल्यांवर आणि टोप्यांवर छापून विकले जाते. विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, ते उपाशी माणसांच्या संदर्भात दिलेले नाव आहे?

आणि ही माय लेकरांना कुठवर घेऊन गेली? फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या पोलिसप्रमुखाने आपले १३६ पोलिस शेकडो मैल दूर, राज्याच्या सरहद्दीवरच्या नाक्यांवर पाठवले. ज्याच्या खिशात पैसा नाही आणि हाताला काम नाही, त्याने परत फिरावे! एकाच देशाच्या नागरिकाला त्याच देशात पाऊल टाकायला मज्जाव. तो पहारा काही आठवड्यांनी उठला, पण गरिबाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरवणारा कायदा कॅलिफोर्नियात होताच. एडवर्ड्स नावाच्या माणसाने आपल्या निर्धन मेव्हण्याला टेक्ससहून आणले म्हणून त्याच्यावर खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४१ साली न्यायालयाने तो कायदा रद्द केला. दारिद्र्य आणि अनीती या दोन गोष्टी एक नव्हेत, असे न्यायमूर्तींनी निकालात बजावले. या एका वाक्यासाठी किती बिऱ्हाडांना सरहद्दीवरून तोंड फिरवावे लागले!

* * *

दुसरे महायुद्ध संपले आणि रस्त्याचे दिवस पालटले. लोकांच्या हाती पैसा खेळू लागला, वर्षाची हक्काची रजा मिळू लागली आणि कुटुंबेच्या कुटुंबे मोटारीत बसून पश्चिमेला निघाली. लोक आज ज्या रस्त्याची आठवण काढून हळवे होतात, तो मुख्यत्वे या पंधरा-वीस वर्षांतला.

वाटसरूला थांबवणे हाच साऱ्या रस्त्याचा धंदा झाला. मिझुरीतील एका मोठ्या गुहेच्या मालकाने शेतकऱ्यांची धान्याची कोठारे फुकट रंगवून दिली. अट एवढीच की, छपरावर त्याच्या गुहेची जाहिरात असावी. बर्मा-शेव्ह नावाचे दाढीचे क्रीम होते. त्याच्या छोट्या छोट्या पाट्या रस्त्याकडेला अंतराअंतरावर लावलेल्या असत. प्रत्येकीवर कवितेचा एकेक तुकडा, आणि शेवटच्या पाटीवर क्रीमचे नाव. पुढचे यमक कोणते येणार याची पैज लावीत मोटारीतली पोरे मैलच्या मैल काढीत. न्यू मेक्सिकोतील टुकुमकारी या गावाने तर शेकडो मैल आधीपासून फलक लावले होते की, आजची रात्र टुकुमकारीला, आमच्याकडे दोन हजार खोल्या आहेत. दिवसभराच्या उन्हाने शिणलेल्या माणसाला संध्याकाळी माळरानावर निळ्या-तांबड्या निऑनच्या अक्षरांची रांग दिसली म्हणजे काय वाटत असेल!

मोटार आणि हॉटेल या शब्दांची मोट बांधून ‘मोटेल’ हा शब्द कॅलिफोर्नियात १९२५ साली निघाला होता. सहासष्ट नंबरवर त्याला बहर आला. ॲरिझोनात होलब्रुक येथे चेस्टर ल्यूइस यांनी १९५० साली एक मोटेल बांधले. त्याच्या पंधरा खोल्या म्हणजे सिमेंटचे पंधरा शंकूच्या आकाराचे तंबू. आराखडा दुसऱ्या एका गृहस्थाचा होता आणि त्याचा मोबदला ठरला तो असा: प्रत्येक खोलीत नाणे टाकून चालणारा रेडिओ ठेवायचा आणि त्यात जमणारी नाणी त्या गृहस्थाकडे पाठवायची. व्यवहार असावा तर असा! मात्र असले तंबू मूळ अमेरिकन जमातींपैकी उत्तरेच्या मैदानांतल्या लोकांचे; होलब्रुकच्या आसपासच्या नवाहो आणि होपी लोकांची घरे अगदी निराळी. ज्यांच्या भूमीतून रस्ता गेला, त्यांना सिनेमातल्या पोशाखात उभे करून प्रवाशांची करमणूक केली गेली.

१९४६ साली बॉबी ट्रूप नावाचा तरुण संगीतकार बायकोला घेऊन मोटारीने लॉस एंजेलिसला गेला आणि वाटेत त्याने या रस्त्यावर गाणे रचले. रस्त्यावरच्या गावांची नावे ओवून केलेले ते गाणे नॅट किंग कोल यांनी गायले आणि ते घरोघरी पोचले. त्या मखमली आवाजाने कितीतरी लोकांना प्रवासाला उद्युक्त केले. पण नॅट किंग कोल कृष्णवर्णीय होते. ज्या रस्त्यावर या, मजा करा, असे ते साऱ्या देशाला सांगत होते, त्याच रस्त्यावरच्या बहुतेक मोटेलांत त्यांना रात्रीपुरती खाट मिळाली नसती. काही गावांत तर सूर्य मावळल्यानंतर कृष्णवर्णीयाने दिसूच नये असा दंडक होता. १९४८ साली कोल यांनी लॉस एंजेलिसच्या एका श्रीमंत वस्तीत घर घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना सांगितले की, इथे नको असलेली माणसे यावीत हे आम्हाला पसंत नाही. कोल यांनी शांतपणे उत्तर दिले की, मलाही नाही, तसे कुणी दिसले तर पहिली तक्रार मीच करीन!

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणाऱ्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपालवाल्याने १९३६ पासून एक पुस्तिका छापायला घेतली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे जेवायला मिळेल, कुठे झोपायला मिळेल, कुठे पेट्रोल मिळेल, यांचे पत्ते त्यात असत. तीस वर्षे ती निघत राहिली. गोऱ्या कुटुंबाच्या मोटारीत नकाशा असे. काळ्या कुटुंबाच्या मोटारीत नकाशा आणि ही पुस्तिका दोन्ही लागत, शिवाय शिदोरीचा डबा आणि पेट्रोलचा जादा पिंप. ओक्लाहोमात ल्यूथर गावाजवळ थ्रेट या कृष्णवर्णीय कुटुंबाने बांधलेला दगडी पेट्रोलपंप आजही उभा आहे. त्याचे चिरे त्यांच्याच शेतातल्या खाणीतले. निऑनचे फलक पाहायला जाणाऱ्याने त्या साध्या दगडी इमारतीपाशी अवश्य थांबावे. मोठा दिलासा तिथे होता. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि दारावर वर्ण पाहणे बेकायदा ठरले. पण तोवर रस्त्याचे वैभवाचे दिवस सरत आले होते.

* * *

कारण १९५६ साली अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली होती. तरुणपणी, १९१९ साली, ते लष्कराच्या तांड्याबरोबर देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले होते. त्याला ६२ दिवस लागले. पुढे युद्धात त्यांनी जर्मनीचे रुंद रस्ते पाहिले. या कायद्याने एक्केचाळीस हजार मैलांचे महामार्ग ठरवले गेले आणि खर्चाचा नव्वद टक्के भार मध्यवर्ती सरकारने उचलला. यात सरकारचे चुकले असे म्हणवत नाही. जुना रस्ता अरुंद होता, समोरासमोर मोटारी आदळत, आणि काही टापूंत लोक त्याला रक्ताळलेला सहासष्ट म्हणत. आठवणींत रमणाऱ्यांनी हेही विसरू नये.

पण नवा रस्ता गावाला टाळून जातो. पाच निरनिराळ्या महामार्गांनी मिळून सहासष्टची जागा घेतली, एकेक गाव सोडीत, एकेक तुकडा गिळीत. ॲरिझोनातील सेलिगमन या छोट्या गावच्या वाट्याला तो दिवस २२ सप्टेंबर १९७८ रोजी आला. एंजल डेल्गाडिलो हे तिथले न्हावी. त्याच रस्त्याकाठी १९२७ साली जन्मलेले. नव्या महामार्गाचा तुकडा खुला झाला आणि काल गजबजलेला रस्ता आज ओस पडला. गाव जागच्या जागी होते, दुकाने उघडी होती, पण थांबणारेच नाहीसे झाले. १३ ऑक्टोबर १९८४ रोजी ॲरिझोनातल्याच विल्यम्स या शेवटच्या गावालाही वळसा पडला आणि पुढच्या जूनमध्ये सहासष्ट हा आकडाच यादीतून खोडला गेला.

ही गोष्ट इथेच संपायची. पण १९८७ साली डेल्गाडिलो आणि गावातली मंडळी जमली, त्यांनी संस्था काढली आणि राज्य सरकारमागे धोशा लावला की, आमच्या तुकड्याला ऐतिहासिक रस्ता म्हणून मान्यता द्या. त्याच वर्षी सेलिगमन ते किंगमन हा भाग ऐतिहासिक ठरला. त्यांचे पाहून इतर राज्ये जागी झाली, आणि १९९९ साली अमेरिकी काँग्रेसने या रस्त्याच्या जतनासाठी कायदाच केला. २००६ साली ‘कार्स’ हा मुलांचा चित्रपट आला. महामार्गाने वगळलेल्या त्यातल्या गावाची कथा रचताना चित्रपटवाल्यांनी डेल्गाडिलोंच्या आठवणी ऐकल्या होत्या. रस्ता वाचवला तो इतिहासाच्या पंडितांनी नव्हे, गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या एका न्हाव्याने.

या पडत्या काळात आणखी एका जातीच्या माणसांनी रस्त्याचे दिवे विझू दिले नाहीत, आणि ती आपल्याकडची माणसे होती. १९७० नंतरच्या वर्षांत अनेक गुजराती कुटुंबांनी अमेरिकेत मोडकळीला आलेली मोटेले विकत घेतली. त्यांतली काही १९७२ साली युगांडातून हाकलली गेलेली. नवरा फलक दुरुस्त करी, बायको चादरी धुई, पोरे शाळेतून येऊन गल्ल्यावर बसत आणि सारे कुटुंब त्याच मोटेलच्या मागच्या खोल्यांत राही. ज्या धंद्याला गोऱ्या मालकांनी रामराम ठोकला होता, तो त्यांनी कष्टाने तगवला. मग शेजारच्या मोटेलांवर पाट्या झळकू लागल्या: मालक अमेरिकन. म्हणजे आमच्याकडे उतरा, त्यांच्याकडे नको. सहासष्टवरची ही जुनीच पाटी. फक्त नव्या अक्षरांत लिहिलेली. आज अमेरिकेतल्या मोटेलांचा फार मोठा हिस्सा भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या हाती आहे.

११ नोव्हेंबर २०२६ ही या रस्त्याच्या शंभरीची तारीख. शंभरीला गाणी होणार, जुन्या मोटारी निघणार, निऑनचे दिवे पुन्हा लागणार. ते व्हावेच. जे गेले त्याची ओढ माणसाला वाटते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपण इतके वेगाने जाऊ लागलो आहोत की, वाटेतल्या माणसाशी चार शब्द बोलण्याची सोयच राहिली नाही, हे दुःख खरेच आहे आणि म्हणूनच ही ओढही खरी आहे.

माझे म्हणणे एवढेच की, आठवण काढायची तर सगळ्या रस्त्याची काढावी. टुकुमकारीचे निळे दिवे आठवावेत आणि सरहद्दीवरचा पोलिसांचा पहाराही. गाणे ऐकावे आणि ते गाणाऱ्याला खोली नाकारणारे दारही पाहावे. रस्ता कुणालाच अडवीत नाही. डांबर सर्वांच्या चाकांखाली सारखेच असते. अडवतात ती रस्त्याकाठची माणसे, आणि घोटभर पाणी देऊन बसा म्हणतात तीही रस्त्याकाठचीच माणसे. सहासष्ट नंबरवर दोन्ही होती. पैकी कोणती अधिक होती हे मोजायला आज कुणी नाही. पण ल्यूथरचा तो दगडी पेट्रोलपंप मात्र अजून उभा आहे.